शिक्का डिक्कीत होता

मे महिन्यात नागपुरात सकाळी साडेआठलाच ऊन असं चढतं की मॅच संपली की पोट्टे आधी सावली शोधतात अन् मग पाणी. आम्ही जुनी मंडळी तर आता धड खेळतही नाही, पंधरावीस मिनिटं बॉलला पाय लावतो आणि मग तर्री पोह्याच्या ठेल्यावर बसतो, आणि खरं सांगायचं तर आमचा रविवार त्या ठेल्यासाठीच असतो. ११ मे २०२५ च्या रविवारीही तसेच बसलो होतो. फक्त आमच्या लिव्हरपूलवाल्यानं प्लेट हातात घेतली नाही.

हा माणूस इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा, २००५ पासूनचा. बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेला असताना त्यानं इस्तंबूलची ती चॅम्पियन्स लीगची फायनल पाहिली, हाफटाइमला ०-३ आणि मग ३-३ आणि मग पेनल्टी, आणि तेव्हापासून तो जो लिव्हरपूलचा झाला तो झाला. दोनच आठवड्यांपूर्वी टॉटनहॅमला ५-१ हरवून यांची टीम इंग्लंडच्या लीगची चॅम्पियन झाली होती, त्या दिवशी त्यानं सगळ्यांना पोहे चारले होते. आणि ५ मेला यांच्याच टीमच्या डिफेंडरनं, ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डनं, सांगून टाकलं की सीझन संपला की मी चाललो. कुठं ते त्यानं सांगितलं नाही पण रिअल माद्रिद हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"खा ना भाऊ, थंडे होऊन राह्यले."

"मले नको."

"अबे एका प्लेअरसाठी?"

"एका प्लेअरसाठी नाही," तो म्हणाला. "सहा वर्षाचा होता तो अकॅडमीत आला तेव्हा. सहा. त्याच गावचा पोरगा. वीस वर्षं आपण त्याले आपला म्हटलं. बार्सिलोनाच्या मॅचमध्ये तो कॉर्नर त्यानं मारला तेव्हा मी पलंगावरून खाली पडलो होतो. अन् आता कॉन्ट्रॅक्ट संपू दिलं, क्लबले धड पैसेही भेटू दिले नाही, अन् चालला."

तो कॉर्नर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलचा दुसरा लेग, पहिल्या लेगमध्ये ०-३ हरलेले, आणि लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर ३-० झालेलं असताना हा वीस वर्षांचा पोरगा कॉर्नर ठेवून निघाल्यासारखं करतो, दोन पावलं लांब जातो आणि अचानक परत वळून बॉल मारतो, बार्सिलोनाचे सगळे डिफेंडर दुसरीकडे पाहत असतात, ओरिगी गोल करतो. पोराच्या डोक्यात त्या एका सेकंदात जे आलं ते कोणी शिकवून येत नाही. गल्लीत खेळणारी पोरं असं करतात, समोरचा चप्पल घालत असतो तेवढ्यात बॉल चालू करून टाकतात. म्हणूनच तो आपला वाटायचा.

मग आमचा गनर बोलला. आर्सेनलवाला, म्हणून गनर, खरं नाव आता त्याच्या बायकोशिवाय कोणी घेत नाही. त्याचं दुःख व्हॅन पर्सी. २०११-१२ च्या सीझनला लीगमध्ये ३० गोल, कॅप्टन, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला. दुसरं कुठलं तरी निवडायचं ना म्हणतो. पुढच्याच सीझनला २६ गोल मारून युनायटेडला टायटल जिंकून दिलं आणि वर त्या एप्रिलमध्ये आर्सेनलच्या पोरांना त्यांच्याच मैदानावर दोन्ही बाजूला उभं राहून टाळ्या वाजवून त्याला आत घ्यावं लागलं, नवीन चॅम्पियनला गार्ड ऑफ ऑनर द्यायचा रिवाज आहे म्हणून. गनर अजून ती क्लिप पाहू शकत नाही. मी त्याला विचारलं, मग सोल कॅम्पबेल? टॉटनहॅमचा कॅप्टन, २००१ मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपवून एक पैसा न देता शेजारच्या आर्सेनलमध्ये आला, तुमच्यासाठी दोन टायटल जिंकला, त्यातलं एक एकही मॅच न हरता. तो कोण?

"तो प्रोफेशनल होता."

सगळे हसले, पण गनर हसला नाही. त्याला ते मनापासून तसंच वाटतं आणि मला वाटतं आपल्या प्रत्येकालाच तसंच वाटतं, येणारा पोरगा शहाणा असतो आणि जाणारा गद्दार.

पोरांपैकी एकानं फिगोचा विषय काढला, तो त्याच्या जन्माआधीचा पण यूट्यूबवर सगळं आहे. २००० साली रिअल माद्रिदच्या प्रेसिडेंटची निवडणूक होती, फ्लोरेंटिनो पेरेझ म्हणाला मला निवडून द्या मी बार्सिलोनाचा फिगो आणतो, निवडून आला आणि आणला, तेव्हाच्या जगातली सगळ्यात मोठी रक्कम, सहा कोटी युरोच्या आसपास. आणि मग नोव्हेंबर २००२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर तो कॉर्नर घ्यायला जायचा तेव्हा वरून बाटल्या, लायटर, काय काय पडत होतं आणि शेवटी डुकराचं मुंडकं. मॅच पंधरा मिनिटं थांबवावी लागली. पोराला त्या मुंडक्याचं नवल होतं. मला प्रत्येक वेळी नवल वाटतं ते हे की फिगो कॉर्नर घ्यायला गेला. दुसऱ्या कोणाला सांगता आलं असतं. तो स्वतः चालत गेला त्या कोपऱ्यात, ज्यांनी पाच वर्षं त्याच्या नावानं गळे फोडले होते त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर.

रेल्वेवाले काका तोपर्यंत ऐकत होते. २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे निघाली त्याआधी आपलं नागपूर डिव्हिजन कलकत्त्याच्या हाताखाली होतं, काका उमेदीची काही वर्षं गार्डन रीचला होते, आणि त्यांच्यापुढे आमचं युरोप सगळं फिकं पडतं. ते म्हणाले, "तुमाले इंग्लंडचं काय सांगून राह्यले. दलबदल पाहिला का कधी?" कलकत्त्याच्या मैदानातल्या क्लबांचा प्लेअर बदलायचा काळ, त्याला तिकडे दलबदलच म्हणतात. आपल्याकडे पक्षांतर शब्द फक्त आमदारांसाठी राखून ठेवलाय, तिकडे तो फुटबॉलसाठी होता. सही होईपर्यंत क्लबचे लोक प्लेअरला अक्षरशः लपवून ठेवायचे, कोणाच्या घरी, कुठल्या गावी, समोरच्यांनी पळवू नये म्हणून. १९८५ मध्ये क्रिशानु डे आणि विकाश पांजी हे दोघं जोडीनं मोहन बागान सोडून कट्टर वैरी ईस्ट बंगालला गेले, तर काका सांगतात ऑफिसात दोन-दोन दिवस फायली हलल्या नव्हत्या. भाईचुंग भुतियानं जुलै १९९७ मध्ये ईस्ट बंगालकडून सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख एकतीस हजार लोकांसमोर मोहन बागानवर हॅटट्रिक मारली, आणि पुढे तोच भाईचुंग मोहन बागानची हिरवी-मरून जर्सी घालून खेळला, मग परत गेला, मग परत आला. आणि दुसऱ्या टोकाला चुनी गोस्वामी, आख्खी कारकीर्द एक मोहन बागान. हे जुनंपुराणं झालं म्हणावं तर २०२४ मध्ये अन्वर अली मोहन बागानहून ईस्ट बंगालला गेला तेव्हा प्रकरण फेडरेशनची कमिटी आणि मग हायकोर्टापर्यंत गेलंच.

आणि इथं लिव्हरपूलवाला ते वाक्य बोलला.

"सोडायलेच नको होतं. कागद अडवून ठेवाले पायजे होता क्लबनं. मग समजलं असतं."

सगळ्यांनी मान हलवली. मी पोह्याची प्लेट ठेवून दिली. त्यानंतर ते काय बोलले मला आठवत नाही.

कागद मी अडवला होता. २००८ साली, एका पोराचा.

आमचा क्लब तेव्हा जिल्हा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये होता, वीसेक पोरं, दोन जाळ्या, चार बॉल, आणि सेक्रेटरी म्हणून मी. सेक्रेटरी म्हणजे काय तर वर्गणी गोळा करणारा, पोरांचे फॉर्म भरणारा, आणि ज्याच्याकडे शिक्का असतो तो. तो पोरगा कामठीहून यायचा. कामठीत पोरगं चालायला लागलं की बॉलला पाय लावतं, रब्बानी ग्राउंडवर संध्याकाळी जाऊन पहा, तिथं सहा-सात वर्षांची पोरं जे करतात ते आमच्या लीगमधल्या अर्ध्या लोकांना जमत नाही. हा डावखुरा. सतरा वर्षांचा, अंगानं काडी, वडील बिडी कारखान्यात. सायकलनं यायचा, पंधरा-सोळा किलोमीटर, आणि आल्यावर आधी सायकलच्या चेनला हात लावून पाहायचा, मग ग्राउंडला हात लावून कपाळाला लावायचा. मोतीबागेत त्याला पहिल्यांदा लाइनवरून पळताना पाहिलं तेव्हा त्याच्या पायात फाटलेले कॅनव्हास होते. दुसऱ्या दिवशी मी बर्डीवर जाऊन स्टड घेऊन आलो, स्वतःच्या पगारातून. पोरगं काही बोललं नाही, सामना संपला की ते बूट पुसून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं अन् चप्पल घालून सायकल चालवायचं. सायकलवर बूट झिजतात म्हणे.

दोन सीझन तो आमच्याकडे खेळला आणि दोन सीझन मी ठेल्यावर, ऑफिसात, लग्नाकार्यात सगळ्यांना सांगत सुटलो, आमच्या पोट्ट्याले पाहाले या एकदा.

मग जुलैत एका संध्याकाळी आला, पावसात भिजलेला, शर्टाच्या आत अर्ज ठेवलेला. एका खात्याच्या टीमनं त्याला बोलावलं होतं, महिन्याला तीन हजार स्टायपेंड, आणि चांगला खेळला तर पुढे स्पोर्ट्स कोट्यात घ्यायची शक्यता. आज रजिस्ट्रेशन सगळं ऑनलाइन सिस्टिमवर असतं, तेव्हा कागद लागायचा, जुन्या क्लबची एनओसी, सेक्रेटरीची सही आणि क्लबचा शिक्का.

"दादा, एनओसी पाहिजे होती."

मी म्हणालो, "शिक्का घरी आहे, उद्या ये."

शिक्का माझ्या स्कूटरच्या डिक्कीत होता. आम्ही दोघं त्याच स्कूटरला टेकून उभे होतो. लाकडी मुठीचा गोल शिक्का, जांभळी शाई, स्टॅम्प पॅडच्या डबीला रबर बँड लावलेला, आणि मी बोलत असताना माझा हात डिक्कीवर होता.

तो दुसऱ्या दिवशी आला. मी म्हणालो, प्रेसिडेंट बाहेरगावी आहेत. मग आला तेव्हा म्हणालो, फॉर्म जुना आहे. खोटं बोलताना मला लाज नाही वाटली, हे मला इथं लिहायचंच आहे, मला उलट वाटत होतं की मी क्लबसाठी काहीतरी करतोय. ते बूट मी मनात कुठंतरी लिहून ठेवले होते. तिकडची टीम आमच्याच लीगमध्ये खेळणार, तो आमच्या विरुद्ध गोल मारणार, आणि लोक मला विचारणार, काय भाऊ, तुमचा पोट्टा तिकडे कसा? हे सगळं मी दहा वेळा डोक्यात पाहून घेतलं होतं.

चौथ्यांदा तो वडिलांना घेऊन आला. ते कामावरून सरळ आले असावेत, बोटांना तंबाखूचा रंग, आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. "साहेब, पोराचं काही चुकलं असंन तर माफ करा."

मी म्हणालो, कमिटीची मीटिंग होऊ द्या.

मीटिंग नव्हतीच. मुदत गेली. त्या टीमनं दुसरा लेफ्ट विंगर घेतला, तो चांगला खेळला, दोन वर्षांनी तिथं परमनंट झाला, आता त्याचं घर आहे, गाडी आहे, त्याचं काही चुकलं नाही, तो चांगला पोरगा आहे.

आणि आमचा? तो त्या सीझनला आमच्याकडेच खेळला. हे मला सगळ्यात जास्त लागतं. रुसला नाही, आजारी पडल्याचं सांगितलं नाही, एकही प्रॅक्टिस चुकवली नाही, सायकलनं आला, चेन पाहिली, जमिनीला हात लावला, आणि लाइनवरून तसाच पळला. सात गोल मारले. आणि मी लोकांना सांगितलं, पहा, बरं केलं ना थांबवून.

पुढच्या वर्षी एनओसी मी मुकाट दिली, तो एका दुसऱ्या क्लबात गेला, मग तिसऱ्या, पण ती वेळ गेली होती ती गेलीच. सतराव्या-अठराव्या वर्षी डावखुऱ्या पोरासाठी जो दरवाजा उघडतो तो दरवर्षी उघडत नाही. आता तो खापरखेड्याला ठेकेदाराकडे असतो आणि सकाळी कामठीत लहान पोरांना खेळवतो. भेटला की दादा म्हणतो, चहा पाजतो, पैसे देऊ देत नाही. त्यानं आजपर्यंत त्या कागदाचा विषय काढलेला नाही. मीही नाही. 

बॉसमनचं प्रकरण मी नीट वाचलं ते या सगळ्याच्या नंतर. बेल्जियमचा साधा मिडफिल्डर, आरएफसी लिएज नावाचा क्लब, १९९० मध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. फ्रान्सचा डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण तेव्हा नियमच असा होता की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी जुना क्लब पैसे मागू शकत होता, लिएजनं डंकर्कला परवडणार नाहीत एवढे मागितले, आणि वर त्याचा स्वतःचा पगारही चौथाईवर आणला. म्हणजे नोकरी संपली, पण जाऊ देणार नाही. तो कोर्टात गेला. पाच वर्षं. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या कोर्टानं निकाल दिला की कॉन्ट्रॅक्ट संपलं की युरोपियन युनियनमधला प्लेअर मोकळा, क्लबला पैसे मागता येणार नाहीत. कॅम्पबेल आर्सेनलला गेला तो या निकालामुळे, ट्रेंट माद्रिदला जाऊ शकला तो या निकालामुळे, आणि जगभरातल्या प्लेअरांचे पगार वाढले तेही बरेचसे त्याच्यामुळे. बॉसमनचं स्वतःचं करिअर मात्र त्या पाच वर्षांत संपलं, पुढे दारू, एकटेपणा, फार वाईट झालं. वाचताना मला लिएजच्या ऑफिसातला कोणीतरी माणूस दिसत होता. त्याच्याकडेही शिक्का असणार. त्यालाही वाटलं असणार की आपण क्लबचं भलं करतोय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी त्या दिवशी ठेल्यावर बोलू शकलो नाही म्हणून इथं लिहितोय. राग येऊ द्यावा. खरंच येऊ द्यावा. ज्याला राग येत नाही त्यानं त्या पोरावर जीव लावलेलाच नसतो, आणि "अरे तो प्रोफेशनल आहे, तुझा पोरगा नाही का हिंजवडीला गेला" असं म्हणून जे लोक समजावतात त्यांचं मला पटत नाही, माझा पोरगा हिंजवडीला गेला तेव्हाही मला राग आला होता, फक्त पेढे वाटायचे होते म्हणून दाखवला नाही. पण रागाच्या हातात शिक्का देऊ नये. ठेल्यावर बसून शिव्या देणारा माणूस आणि कागद दाबून ठेवणारा माणूस, दोघांचं प्रेम सारखंच असेल, पण एकामुळे पोराचं काही बिघडत नाही आणि दुसऱ्यामुळे आयुष्य जातं.

त्या रात्री नऊ वाजता आम्ही लिव्हरपूलवाल्याच्या घरी मॅच पाहायला जमलो, योगायोग असा की मॅच होती आर्सेनलशी, म्हणून गनरही. कूलर फुल, खिडक्या उघड्या, तरी घाम. दुसऱ्या हाफमध्ये ट्रेंट बदली म्हणून उतरला आणि ॲनफिल्डवरून आवाज आला, स्वतःच्या मैदानावर, चॅम्पियन झालेल्या सीझनमध्ये, त्याच्याच लोकांचा. हूऽऽ. बॉल त्याच्या पायाला लागला की हूऽऽ, पास दिला की थांबायचं, परत लागला की हूऽऽ. काही लोक टाळ्याही वाजवत होते पण त्या ऐकूच येत नव्हत्या. मी टीव्हीकडे कमी आणि आमच्या माणसाकडे जास्त पाहत होतो. त्याच्या हातात रिमोट होता. तीनचार मिनिटांनी त्यानं आवाज बंद केला. काही बोलला नाही. उरलेली मॅच आम्ही तशीच पाहिली, मुकी, फक्त कूलरचा आवाज, आणि २-२ झाली तरी गनरनं उडी मारली नाही.

घरी येऊन मी अर्जेंटिनाच्या बातिस्तुता या स्ट्रायकरचा तो गोल काढून पाहिला, मन थाऱ्यावर नसलं की मी तोच पाहतो. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिनामध्ये नऊ वर्षं. १९९३ मध्ये टीम खालच्या डिव्हिजनला घसरली, तो जगातल्या कुठल्याही क्लबात जाऊ शकत होता, गेला नाही, खाली खेळून टीमला वर आणलं. पण लीग टायटल काही मिळेना, वय एकतीस झालं, मग २००० मध्ये रोमाला गेला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये फिओरेंतिनाविरुद्ध मॅच. शेवटची काही मिनिटं, ०-०, बॉल हवेत येतो, तो लांबून तसाच उचलून मारतो आणि गोल. सगळे सहकारी त्याच्या अंगावर पडतात आणि याचा चेहरा एखाद्या घरी मयत झाल्यासारखा. डोळ्यात पाणी. गोल मारायचं थांबवलं नाही, तेही महत्त्वाचं आहे, रोमानं त्यासाठीच घेतलं होतं आणि त्या वर्षी रोमा चॅम्पियन झाली. पण फ्लॉरेन्समध्ये आजही त्याला कोणी वाईट बोलत नाही. मी हा गोल शंभरदा तरी पाहिला असेल आणि दर वेळी मला लाइनवरून पळणारा एक काडी अंगाचा पोरगा दिसतो, ज्यानं आमच्या विरुद्ध असा गोल मारायला पाहिजे होता. मोतीबागेत, माझ्या डोळ्यांसमोर. मी ते होऊ दिलं नाही.

या वर्षी पावसाळ्याआधी आमच्या टीममधला एक पोट्टा ग्राउंडवर माझ्याजवळ आला. क्लबचं बरंच काम आता दुसरे पाहतात, पण मोठ्या माणसाला विचारावं म्हणून पोरं येतात. सेंटर फॉरवर्ड, उंच, हेडर चांगला. त्याला वरच्या डिव्हिजनच्या एका क्लबनं बोलावलं होतं. अर्ज मोबाइलवर होता, पण तिकडचे लोक एक साधं पत्रही मागत होते. मी डिक्की उघडली. शिक्का अजून तिथंच असतो. पॅड वाळलं होतं, ठेल्यावरून पाणी आणून चार थेंब टाकले, सीटवर कागद ठेवला, सही केली, शिक्का मारला, जरा फिकट उमटला म्हणून बाजूला अजून एक मारला.

पोरगा कागद हातात घेऊन तिथंच उभा. "काका, राग आला का?"

"आला," मी म्हणालो. "नंबर कोणता देऊन राह्यले तिकडे?"

"नऊ खाली नाही म्हणते. एकोणीस घेतो."